उन्हात घडवलेली चांदीची फिल्म

जळगावच्या आमच्या कॉलेजात यूव्ही (अतिनील) दिवा नव्हता, तेव्हा एमएस्सीच्या मुलांकडून मी हा प्रयोग गच्चीवर करून घेऊ लागले. आता दिवा आला आहे, तरी मला सकाळचं ऊनच आवडतं. काचेवर पॉलिमरचा थर द्यायचा आणि त्या थराच्या आतच प्रकाशाकडून चांदीचे नॅनोकण घडवून घ्यायचे.

पीव्हीए, म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल या पॉलिमरची ५ ग्रॅम पावडर १०० मिलि गार डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळत ढवळत भुरभुरा. गरम पाण्यात टाकलीत तर हट्टी गुठळ्या होतात. मग ९० अंशांपर्यंत तापवून द्रावण नितळ होईपर्यंत ढवळा आणि गार करा.

इथून पुढे पडदे ओढून घ्या. १० मिलि द्रावण कोमट करून त्यात २२ मिलिग्रॅम इर्गाक्युअर २९५९ (प्रकाशाने तुटून अभिक्रिया सुरू करणारं रसायन) विरघळवा, गार झाल्यावर १७ मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट घाला. हातमोजे आणि चष्मा हवाच: बोटांवरचे काळे डाग काही दिवसांत जातात, डोळ्यांची इजा जात नाही. द्रावण दुधाळ झालं तर कुठून तरी क्लोराइड शिरलं आहे. एका वर्षी नळाच्या पाण्याने विसळलेल्या बीकरपायी आमची अख्खी बॅच अशी गेली.

सपाट जागी ठेवलेल्या दोन स्लाइडवर प्रत्येकी १ मिलि पसरवा आणि रात्रभर बंद कपाटात वाळू द्या.

सकाळी एक स्लाइड उघडी उन्हात ठेवा, दुसरी शेजारीच, पण काळ्या कागदात दुहेरी गुंडाळून. ही दुसरी स्लाइड कधीही वगळू नका. पीव्हीएमध्ये नुसत्या उष्णतेनेही चांदीचे कण बनतात, मग काम उजेडाने केलं की उन्हाच्या तापाने, हे कसं कळणार? १७१७ च्या सुमारास जर्मनीत शुल्झे या शास्त्रज्ञाने चांदीचं मिश्रण भट्टीजवळ तापवून नेमका हाच प्रश्न सोडवला होता. आम्ही आधी फॉइल वापरायचो, पण फॉइल ऊन परतवतो. आतली स्लाइड गारच राहते आणि तुलना खोटी ठरते. काळा कागद तापतो, म्हणून तोच घ्या.

अतिनील किरणांनी इर्गाक्युअरचा रेणू तुटतो. त्याचा एक तुकडा चांदीच्या आयनाला इलेक्ट्रॉन देतो आणि स्वतः ॲसिटोन होतो. चांदीचे अणू एकत्र येऊ लागतात, पीव्हीएच्या साखळ्या त्यांना फार मोठं होऊ देत नाहीत. घड्याळाकडे नको, रंगाकडे बघा: आधी लिंबाच्या सालीसारखा, मग हळदीसारखा. स्पेक्ट्रोमीटरवर ४०० ते ४२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषणाचं शिखर दिसेल. तपकिरी-करडी झाक येऊ लागली की स्लाइड आत घ्या.

उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका. चांदीच्या कचऱ्याची वेगळी बाटली ठेवा, आणि तिच्यात अमोनिया चुकूनही जाऊ देऊ नका. त्यातून स्फोटक संयुग तयार होऊ शकतं. फिल्ममध्ये थोडी चांदी आयनरूपात राहतेच. पीव्हीए पाण्यात विरघळतं, त्यामुळे ती धुऊनही काढता येत नाही. तयार स्लाइड काळ्या कागदाच्या पाकिटातच ठेवा.