जत्रेत मॉडेल रेल्वे मांडताना लोकांशी बोलायचं कसं

घरी मॉडेल रेल्वे चालवायला एक माणूस पुरतो. जत्रेत, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात किंवा कृषी प्रदर्शनाच्या मंडपात किमान दोन लागतात: एक गाडी चालवणारा, एक लोकांशी बोलणारा. एकानेच दोन्ही अंगावर घेतलं, की उत्तर देताना नजर गाडीवरून हटते, गाडी फळ्यांच्या जोडावर रुळावरून उतरते, ती लावायला तो वाकतो, आणि प्रश्न विचारणारे काकाजी तोवर पुढच्या दुकानाकडे निघून गेलेले असतात. तिसरा माणूस मिळाला तर दर पाऊण तासाने पाळी बदला. बोलणाऱ्याचा घसा आधी बसतो. शेजारी भोंगा लागलेला असेल तर फारच लवकर.

बोलणाऱ्याची जागा टेबलाच्या मागे नाही. त्याने पुढे, लोकांमध्ये, त्यांच्याच बाजूने उभं राहावं आणि गाडीकडे त्यांच्यासोबत पाहावं. टेबलामागून बोललं की आपण दुकानदार होतो आणि समोरचा गिऱ्हाईक. मग तो "कितीले देता?" एवढंच विचारतो. खांद्याला खांदा लावून उभं राहिलं की "हे इंजिन काऊन थांबलं जी?" असा खरा प्रश्न येतो. गाडी चालवणारा मात्र मागेच बरा. त्याने मोबाइल खिशात ठेवावा आणि नजर रुळावर.

मांडणी

टेबलाची उंची 90 सेंमी ठेवा. त्यावर पुढच्या बाजूला 3 मि.मी. जाडीच्या पारदर्शक ॲक्रिलिकची 20 सेंमी उंच पट्टी लावा. सात-आठ वर्षांच्या मुलाला तिच्यातून सगळं दिसतं आणि हात थेट डब्यावर पडत नाही. त्याहून लहान मुलांसाठी एका टोकाला 25 सेंमी उंचीचा मजबूत पाट ठेवा. तो हलता नको. चारी पाय जमिनीत नीट बसले आहेत ना, ते स्वतः चढून पाहा. पाट मधोमध ठेवलात तर पोट्टे पुढे आणि बायाबापड्या मागे अशी गर्दी होते, मागच्यांना काहीच दिसत नाही. टोकाला पाट, लांब बाजू मोठ्यांना, हे सुरुवातीलाच ठरवून टाका.

नावाचा फलक टेबलाला लावू नका, गर्दीत तो पहिल्या पाच मिनिटांत झाकला जातो. डोक्याच्या वर, दोन बांबूंना बांधा, अक्षरं किमान 5 सेंमी उंच. मजकूर तीन ओळींपेक्षा जास्त नको: कोणती लाइन, कोणतं स्टेशन, किती पट लहान.

"हात लावू नका" अशी पाटी लावली की हात हमखास लागतो. त्यापेक्षा हात लावायला काहीतरी द्या. एका ताटात मोडका वाघीण-डबा, रुळाचा वीतभर तुकडा, चाकांची एक जोडी ठेवा आणि मूल आलं की आधी ते ताट पुढे करा. चाकाची कडा बोटाने चाचपून पाहिली, की गाडी रुळावर का टिकते हे त्याला न सांगता कळतं. मग टेबलावरचं त्याला "ते चालतं आहे, हे हातात घ्यायचं" असं वेगळं समजतं.

ताटाशेजारी तीन बांबू उभे करा, नेमके कापलेले: 1676 मि.मी., 1000 मि.मी. आणि 762 मि.मी. पहिला मोठ्या लाइनचा, दुसरा अकोला–अकोट–खंडवा मार्गावर होती त्या मीटरगेजचा, तिसरा शकुंतलेच्या (यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर गाडीच्या) छोट्या लाइनचा. दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं हे खरं अंतर. त्यांच्याखाली 1:87 प्रमाणातले, म्हणजे खऱ्यापेक्षा 87 पट लहान, मॉडेलचे रूळ ठेवा. 762 ला 87 ने भागलं की 8.76 येतात, म्हणून बाजारात मिळणारा 9 मि.मी.चा रूळ छोट्या लाइनला जवळपास बरोबर बसतो. मीटरगेजला 12 मि.मी. चालतो. मोठ्या लाइनला खरं तर 19.3 मि.मी. हवा, पण तयार मिळतो 16.5 चा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या 1435 मि.मी. रुळावरून बेतलेला आहे. हा फरक लपवू नका. बांबू हातात देऊन सांगा; शाळेच्या मास्तरांना तर हा भाग फार आवडतो, तिथेच भागाकार होऊन जातो.

काय चालवायचं, किती वेगाने

आपल्याकडे, विदर्भात, छोटी लाइन चालवा. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर, पुलगाव–आर्वी, नागपूर–नागभीड या नॅरोगेज गाड्यांत बसलेली माणसं अजून गावागावात आहेत. परदेशी एक्सप्रेस फिरवली तर लोक दोन मिनिटं पाहतात. लाल कौलांचं छोटं स्टेशन, कापसाच्या गाठींची वाघीण आणि मागे चार डबे दिसले की ते थांबतात आणि बोलायला लागतात.

वेग कमी ठेवा. ताशी 20 किलोमीटरचा वेग 1:87 मध्ये सेकंदाला साधारण साडेसहा सेंमी होतो, 2.4 मीटरचं टेबल ओलांडायला गाडीला 37 सेकंद लागतात. तेवढ्यात एक प्रश्न आणि एक उत्तर होतं. पोट्टे "जोरात चालवा ना" म्हणतील. त्यांच्यासाठी टोकाला वेगळा गोल ठेवा: 438 मि.मी. त्रिज्येचा, म्हणजे एक फेरी पावणेतीन मीटरची, सुमारे पंधरा सेकंदांची. एक मूल, एक बटण, दोन फेऱ्या, मग पुढचं. कंट्रोलरची (वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्राची) कमाल मर्यादा आधीच बांधून ठेवा, नाहीतर पहिलाच पोट्टा इंजिन वळणावरून खाली पाडतो आणि जमिनीवर पडलेल्या इंजिनातल्या दातेरी चाकांचे दाते सहसा वाचत नाहीत.

मुख्य टेबलावर काही ना काही हलत राहिलंच पाहिजे. सगळंच अर्धा मिनिट थांबलं की माणसं पांगतात. म्हणून एक गाडी गोल फिरत ठेवा आणि स्टेशनातली शंटिंग (डबे जोडणं-सोडणं) दुसऱ्या इंजिनाने करा.

वीज, धूळ आणि गाडी उतरणं

जत्रेतल्या जनित्राच्या विजेवर कंट्रोलर लावू नका, दाब वर-खाली होऊन तो जळतो. 12 व्होल्ट 7 अँपिअर-तासाची सीलबंद बॅटरी आणि तिच्यावर चालणारा डीसी कंट्रोलर घ्या. दोन इंजिनं मिळून एक अँपिअर धरलं तर कागदावर सात तास होतात, पण बॅटरी अर्ध्याच्या फार खाली उतरवायची नाही, म्हणून चार तास धरा आणि दुसरी भरून जवळ ठेवा. बॅटरीच्या अगदी जवळ 2 अँपिअरचा फ्यूज हवाच.

आणखी एक वस्तू जरूर लावा. कंट्रोलरमधून रुळाकडे जाणाऱ्या एका तारेत कारच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट 21 वॅटचा बल्ब जोडा आणि तो लोकांना दिसेल असा बसवा. गाडी नीट चालते तेव्हा तो विझलेला किंवा अगदी मंद असतो. सांध्यावर (गाडी रूळ बदलते तिथे) डबा उतरून त्याच्या धातूच्या चाकाने दोन रूळ जोडले गेले, की बल्ब भक्कन पेटतो आणि प्रवाह पावणेदोन अँपिअरच्या पुढे जात नाही. इंजिन वाचतं, फ्यूज वाचतो. लोक लगेच विचारतात, "हा लाइट काऊन लागला?" इथे बोलणाऱ्याने थांबू नये. कुठला डबा उतरला ते बोट दाखवून सांगावं, मुलांनाच शोधायला लावावं. डबा उचलला की बल्ब विझतो, ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. शॉर्ट सर्किट यापेक्षा चांगलं कुठे शिकवता येणार?

एकच डबा पुन्हा पुन्हा उतरत असेल तर त्याला पाळीतून काढा आणि चाकांमधलं आतलं अंतर मोजा. 16.5 मि.मी.च्या रुळासाठी ते साधारण 14.4 मि.मी. असावं. एकाच जागी सगळेच डबे उतरत असतील तर दोष जोडाचा. टिनाच्या शेडखाली सकाळ-दुपार 25 अंशांचा फरक पडला तर मीटरभर रूळ जवळजवळ 0.4 मि.मी. वाढतो. जोडात अर्धा मिलिमीटर फट आधीच सोडली नसेल तर रूळ वर उचलला जातो.

धुळीचा त्रास तर होणारच. जिनिंग जवळ असेल तर कापसाचे तंतू इंजिनाच्या आसात गुंडाळले जातात, म्हणून चिमटा खिशात हवा. दर तासाला आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओल्या केलेल्या सुती फडक्याने रूळ पुसा, पण सगळे रूळ एकदम नव्हे. अर्धे पुसा, गाडी दुसऱ्या अर्ध्यात चालू राहू द्या. मंडपाबाहेर पाणी शिंपडायला लावा. फल्ली आणि खर्रा घेऊन येणाऱ्यांना अडवू नका, "काकाजी, टरफल या डब्यात टाका जी" म्हणत डबा पुढे करा. टोकलं तर माणूस जातो, डबा दिला तर थांबतो.

मॉडेलसाठी शेतातली माती किंवा गिट्टीचा चुरा वापरला असेल तर आधी कागदाखालून चुंबक फिरवून पाहा. आपली माती बेसॉल्टची, तिच्यात लोहखनिजाचे कण असतात आणि ते मोटारीतल्या चुंबकाला जाऊन चिकटतात. हा प्रयोगही प्रदर्शनात करून दाखवण्यासारखा आहे: बरणीतली माती, कागद, चुंबक.

ठरलेले प्रश्न

"हे सगळं कितीले पडलं?" हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. खरा आकडा सांगा. टाळाटाळ केली की माणूस मनातल्या मनात तिप्पट धरतो आणि हे आपलं काम नाही म्हणून सोडून देतो. आकडा सांगून लगेच दाखवा, की इंजिन आणि रूळ विकतचे, पण झाडं पऱ्हाटीच्या बारीक फांद्यांची, डोंगर थर्मोकोलचा, घरं पुठ्ठ्याची.

"शकुंतला कधी सुरू होते?" हे हमखास विचारतात, कधी रागाने, कारण त्यांना मॉडेलवाला रेल्वेचा माणूस वाटतो. तारीख सांगू नका, कोणाची बाजूही घेऊ नका. लाइन कशासाठी टाकली, इथला कापूस मुंबई बंदराकडे कसा जायचा, 1921 साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत कसं चाललं, एवढं सांगा. खरं इंजिन पाहायचं असेल त्यांना नागपूरच्या मोतीबाग नॅरोगेज संग्रहालयाचा पत्ता द्या.

मग विचारा, "तुमी कुठून कुठे जात होता जी?" आणि गप्प बसा. मॉडेल आपलं असलं तरी लाइन त्यांची आहे. निवृत्त गँगमन, सांधेवाला, तिकीट बाबू, बाजाराच्या दिवशी टोपली घेऊन बसणाऱ्या आजी यांच्याकडे जे आहे ते कुठल्या नकाशात नाही: पाण्याची टाकी कोणत्या बाजूला होती, फाटक कोण लावायचं, गाडी कुठे चढावर अडायची. कोणी म्हणालं, "सिग्नल इकडे नव्हता", तर वाद घालू नका. त्यांच्यासमोर वहीत लिहून घ्या, जागेचं चित्र त्यांच्याच हाताने काढून घ्या, नाव लिहू का ते विचारा. अशा माणसाला कंट्रोलर द्या आणि एक फेरी चालवू द्या. मागे रांग लागली तरी चालेल.

शाळेची सहल आली तर मास्तरांना आधीच सांगा: दहा-दहाचे गट, प्रत्येकी चार मिनिटं. उरलेले गट बांबू आणि ताटाकडे. व्हिडिओ काढणाऱ्यांना गाडी कधी पुलावर येणार ते आगाऊ सांगा, म्हणजे ते टेबलावर झुकत नाहीत.

बंद करताना एकदम वीज तोडू नका. "शेवटच्या तीन फेऱ्या" असं मोठ्याने सांगा, दूरच्या दुकानांतलेही धावत येतात. त्यानंतर आधी बॅटरी सोडवा, मग डबे एकेक मोजून खोक्यात ठेवा आणि ॲक्रिलिकवरचे बोटांचे ठसे ओल्या फडक्याने पुसा, अल्कोहोलने नाही, त्याने ॲक्रिलिकला तडे जातात. बॅटरी त्याच रात्री भरायला लावा.