वेबसाइटचं ट्रॅफिक अचानक घटलं? घाबरून या चुका करू नका

नाशिकमध्ये आज द्राक्ष निर्यातदारापासून त्र्यंबकेश्वरच्या लॉजमालकापर्यंत अनेकांचा धंदा गुगलवरून येणाऱ्या चौकशीवर चालतो. गुगलने काही बदललं की चौकशा आटतात, आणि माणूस हवालदिल होऊन साइटवर हात चालवायला लागतो. माझ्या मते खरं नुकसान तिथेच होतं. आधी निदान, मग औषध. एवढा एक क्रम पाळला तरी बराच पैसा वाचतो.

अपडेट सुरू असतानाच साइट उलटीपालटी करणं

गुगलचं कोअर अपडेट, म्हणजे निकालांचा क्रम ठरवण्याच्या पद्धतीतला मोठा बदल, एका रात्रीत पूर्ण होत नाही. मार्च २०२४चं अपडेट तर ४५ दिवस चाललं. या काळात रँकिंग, म्हणजे निकालांतला साइटचा क्रम, खालीवर होतच राहतं. त्यातच तुम्ही शीर्षकं बदलली, थीम बदलली, जुनी पानं उडवली, तर नेमकं कशामुळे काय झालं हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. अपडेट कधी सुरू झालं आणि कधी संपलं हे गुगलच्या सर्च स्टेटस डॅशबोर्डवर दिसतं. संपल्यावर किमान एक आठवडा जाऊ द्या. मग त्या आठवड्याची तुलना अपडेटच्या आधीच्या आठवड्याशी करा.

फक्त एकूण आकडा बघणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. साइट गुगल सर्चमध्ये कशी चाललीय हे दाखवणारं गुगलचं सर्च कन्सोल फुकट आहे, १६ महिन्यांचा डेटा ठेवतो, तरी कित्येक जण तो उघडतच नाहीत.

पहिला प्रश्न हंगामाचा. द्राक्षांचा हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल. मे महिन्यात निर्यातदाराच्या साइटवरची वर्दळ कमी होणारच, त्यात गुगलचा दोष नाही. म्हणून तुलना मागच्या महिन्याशी नको, मागच्या वर्षाच्या त्याच दिवसांशी करा. त्र्यंबकेश्वरच्या मंडळींनी तर तारखेऐवजी तिथी धरावी. २०२५मध्ये श्रावण २५ जुलैला लागला. २०२६मध्ये अधिक ज्येष्ठामुळे तो १३ ऑगस्टला लागतो. जुलैअखेरची जुलैअखेरशी तुलना केली तर साइट बुडाल्यासारखी दिसेल, आणि प्रत्यक्षात काहीच बिघडलेलं नसेल. सर्च कन्सोलमध्ये तारखा स्वतः निवडून तुलना करता येते.

हंगाम वगळूनही घट दिसली, तर इम्प्रेशन्स (साइट निकालांत किती वेळा दिसली), क्लिक्स (तिथून किती वेळा साइट उघडली) आणि सरासरी पोझिशन (निकालांत कितव्या जागी) तिन्ही शेजारी ठेवून वाचा. पोझिशन घसरली असेल, तर रँकिंगचा प्रश्न आहे. पोझिशन तीच पण इम्प्रेशन्स कमी, तर लोकच कमी शोधतायत. इम्प्रेशन्स आणि पोझिशन जागच्या जागी, क्लिक्स मात्र कमी, तर उत्तर बहुधा गुगलच्या पानावरच मिळतंय. भारतात ऑगस्ट २०२४मध्ये एआय ओव्हरव्ह्यू, म्हणजे निकालांच्या वर एआयने लिहिलेली उत्तरं, आले, तेव्हापासून हा तिसरा प्रकार वाढलाय. "नाशिकहून वणी किती किलोमीटर" असं विचारणारा आता साइटवर येणार नाही, आणि त्याला परत आणायच्या नादाला लागूही नका. खोली आहे का, भाडं किती, पार्किंग कुठे, यंदाच्या मालाचा फोटो, पैठणी विणायला किती दिवस लागतील, हे तुमच्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. ती पानं आधी नीट करा.

आणखी एक: सप्टेंबर २०२५मध्ये एका पानावर शंभर निकाल मागवायची सोय गुगलने बंद केली. रँक तपासणारी बरीच टूल्स तिच्यावर चालत, आणि त्यांनी मागवलेले निकालही बहुधा इम्प्रेशन्समध्ये मोजले जात. तेव्हा अनेक साइट्सची इम्प्रेशन्स एकदम घटली आणि सरासरी पोझिशन सुधारलेली दिसली. क्लिक्स तेवढेच असतील तर ती घट मनावर घेऊ नका.

"एरियावाइज पेजेस"चं पॅकेज घेणं

सातपूर, सिडको, इंदिरानगर, पंचवटी. मजकूर तोच, फक्त नाव बदललेलं. घाबरलेल्या दुकानदाराला हे हमखास विकलं जातं, आता तर एआयने शेकड्यांनी पानं काढून. गुगलच्या नियमांत हे स्पॅम आहे. मार्च २०२४पासून केवळ रँकिंगसाठी घाऊक मजकूर ओतण्याविरुद्ध वेगळा नियमही आहे. विकतच्या बॅकलिंक्सचंही, म्हणजे दुसऱ्या साइट्सवरून तुमच्याकडे येणाऱ्या लिंक्सचंही, तेच. चारही भागांत खरंच काम करत असाल, तर तिथे केलेल्या कामांचे फोटो आणि तपशील असलेलं एकच दमदार पान बरं.

बिझनेस प्रोफाइल वाऱ्यावर सोडणं

बिझनेस प्रोफाइल म्हणजे गुगल सर्च आणि मॅप्सवर दिसणारी तुमच्या धंद्याची नोंद. तिच्यासोबत मिळणारी फुकट वेबसाइट गुगलने मार्च २०२४मध्ये बंद केली. शेवटी "बिझनेस डॉट साइट" असलेला पत्ता तुमच्या कार्डवर किंवा दुकानाच्या बोर्डवर अजून असेल, तर ग्राहक रिकाम्या दारात उभा राहतोय. तो आजच बदला. वेळा, फोन नंबर आणि फोटोही तपासून घ्या.

नवी साइट करताना जुने पत्ते तोडणं

२०२७च्या सिंहस्थासाठी साइट नव्याने करून घेत असाल, तर डेव्हलपरकडून दोन गोष्टी लेखी घ्या. प्रत्येक जुन्या पत्त्यावरून त्याच विषयाच्या नव्या पानावर ३०१ रीडायरेक्ट (जुना पत्ता उघडला की आपोआप नव्यावर नेणारी कायमची सोय), तोही किमान वर्षभर. सगळे पत्ते होमपेजवर वळवलेले चालणार नाहीत. दुसरं, साइट तयार होत असताना लावलेला नोइंडेक्स टॅग, म्हणजे गुगलला पान निकालांत दाखवू नको असं सांगणारी खूण, लाइव्ह होताना काढल्याची खात्री. तो राहून गेला तर पानं गुगलमधून गायब होतात आणि दोष अपडेटवर ढकलला जातो. साइट लाइव्ह झाली की त्याच दिवशी महत्त्वाची पानं सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये (गुगलला ते पान दिसतंय का हे सांगणारी सोय) स्वतः टाकून बघा.