‘आढळला नाही’ असे लिहिण्यापूर्वी

गोव्यात राहून परिसरशास्त्रात संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना ट्रान्सेक्ट (सर्वेक्षणासाठी आखलेली ठरावीक रेषा) म्हणजे काय किंवा जीपीएस कसे वापरावे हे मी सांगणार नाही, कारण ते पदव्युत्तर वर्गात शिकवले जाते. ज्या एका चुकीने माझा संपूर्ण पावसाळा वाया घालवला आणि जिची सल अजूनही गेलेली नाही, ती मात्र मला सविस्तर मांडायची आहे.

माझा विषय गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील ओहोळांत राहणारे निक्टिबॅट्रॅकस प्रजातीचे बेडूक हा होता. हे रात्री दगडांच्या फटींत बसून हळू आवाजात ओरडतात आणि दिसण्यापेक्षा ऐकूच अधिक येतात. जंगलातील 6 आणि काजूच्या बागायतींतून वाहणारे 6 असे 12 ओहोळ मी निवडले होते. अभयारण्यात काम करण्याची परवानगी उशिरा मिळाली, म्हणून बागायतींतील ओहोळ मी जुलैत उरकले आणि जंगलातील ओहोळांवर सप्टेंबरमध्ये, पावसाचा जोर ओसरल्यावर गेले. प्रत्येक ठिकाणी एकच रात्र. जंगलात बेडूक बहुतेक ठिकाणी ऐकू आले, बागायतींत एकाही ठिकाणी नाही, आणि काजू लागवडीमुळे हे बेडूक नाहीसे झाले असा निष्कर्ष मी मोठ्या विश्वासाने लिहून टाकला. एका बागायतदार काकांनी मला जुलैतच सांगितले होते, ‘‘बाय, ह्या पाण्याच्या आवाजात तुला काय ऐकू येणार? चवथीला ये.’’ चवथ म्हणजे गणेश चतुर्थी. मी ते वहीत लिहूनसुद्धा घेतले नाही.

माझे मोजमाप बेडकांचे नव्हतेच, ते पाण्याच्या खळखळाटाचे होते. जुलैत भरून वाहणाऱ्या ओहोळाच्या काठी आपलाच आवाज आपल्याला नीट ऐकू येत नाही, तर दगडाखालचा बेडूक कसा ऐकू येणार? येथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते वेगळेच ठेवावे लागतात: बेडूक तेथे आहे का, आणि असल्यास त्या रात्री तो आपल्याला आढळण्याची शक्यता किती? समजा, बेडूक असूनही एका भेटीत तो आढळण्याची शक्यता 0.3 आहे. मग एकाच भेटीत तो हुकण्याची शक्यता 0.7 झाली. तीन भेटींत तिन्ही वेळा हुकण्याची शक्यता 0.7 चा घन, म्हणजे 0.34 आणि चार भेटींत ती 0.24 उरते. म्हणजे एकदाच जाऊन वहीत शून्य लिहिणारा संशोधक, बेडूक असलेल्या दर 10 ओहोळांपैकी सुमारे 7 ओहोळ रिकामे ठरवतो. डॅरिल मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये मांडलेले ऑक्युपन्सी मॉडेल हेच दोन प्रश्न वेगळे करते. पण त्याला एकाच जागेच्या, एकाच हंगामातील, पुन्हा पुन्हा दिलेल्या भेटींची नोंद लागते. ती नोंद नसेल तर आर या संगणकीय भाषेतील अनमार्क्ड हे पॅकेज कितीही कौशल्याने चालवले तरी त्यातून काही निघत नाही.

माझ्या चुकीचा दुसरा भाग अधिक घातक होता, म्हणून तो पुन्हा सांगते. केवळ भेटी कमी पडल्या असत्या तर दोन्ही अधिवासांत बेडूक सारखेच हुकले असते आणि तुलना निदान एकाच बाजूला कलली नसती. माझ्याकडे मात्र अधिवास आणि महिना एकमेकांत अडकले होते: बागायत म्हणजे जुलै आणि जंगल म्हणजे सप्टेंबर. ही गाठ नंतर कोणत्याही सांख्यिकी पद्धतीने सुटत नाही. म्हणून दोन्ही अधिवासांतील ओहोळ एकाच आठवड्यात आलटून-पालटून करा आणि प्रत्येक भेटीला वेळ, पाऊस, पाण्याचा आवाज आणि ऐकणारी व्यक्ती यांची नोंद ठेवा. परवानगी उशिरा आली तर बागायतींचे कामही थांबवून ठेवा. मला तेव्हा ते जिवावर आले होते.

आता ऑडिओमॉथसारखी ध्वनिमुद्रक यंत्रे आली आहेत, पाण्याच्या नमुन्यातील डीएनएवरून जाती ओळखता येतात, आणि त्यामुळे हा प्रश्न मिटला असे अनेकांना वाटते. तसे नाही. यंत्रालाही जुलैत पाणीच ऐकू येते आणि वेगाने वाहणाऱ्या पाण्यात डीएनए पातळ होतो. आवाज ओळखणारे सॉफ्टवेअर आपल्या खात्रीचा जो गुण देते, तो आढळण्याची शक्यता नव्हे. यंत्रे जरूर वापरा, कारण एका रात्रीऐवजी 20 रात्री ऐकण्याची सोय दुसऱ्या कशाने होत नाही. पण पहिला पावसाळा स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय यंत्र लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

मार्गदर्शकाबद्दलही माझे मत असेच ठाम आहे. ज्यांची नावे सतत वृत्तपत्रांत येतात त्यांच्यापेक्षा, जुलै संपण्यापूर्वी एकदा तरी तुमची नोंदवही मागून घेऊन वाचणारी व्यक्ती शोधा. माझी वही कोणी वेळेवर उघडली असती, तर तारखांचा रकाना पाहताच चूक लक्षात आली असती. ती प्रत्यक्षात लक्षात आली ती सादरीकरणात, एका कनिष्ठ विद्यार्थिनीने ‘‘ताई, तुम्ही प्रत्येक ठिकाणी किती वेळा गेला होता?’’ असे विचारले तेव्हा.

बाकीच्या गोष्टी सोप्या आहेत. परवानगीचा अर्ज डिसेंबरातच करा. देवराईत जाण्यापूर्वी गावकऱ्यांना विचारा. कोरड्या महिन्यांत सत्तरीत काम असेल तर गोचिडांपासून अंग सांभाळा, कारण 2015 पासून तेथे माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत.

या क्षेत्रात आता नवे काही उरले नसेल अशी भीती बाळगू नका. 3,702 चौरस किलोमीटरच्या या राज्यातील सड्यांवरून, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारांवरून, एका बेडकाचे नवी जाती म्हणून वर्णन 2018 मध्ये झाले आणि त्याला गोव्यावरूनच ‘गोएंची’ हे जातिनाम मिळाले. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या उभयचरांच्या जागतिक मूल्यांकनात 8,011 जातींपैकी 40.7 टक्के जाती धोक्यात असल्याचे म्हटले आहे, आणि अशी मूल्यांकने शेवटी आपल्यासारख्यांच्या ओल्या वह्यांवरच उभी राहतात. आपण ‘नाही’ लिहिलेला ओहोळ उद्या एखाद्या प्रकल्पाच्या अहवालात रिकामा म्हणून दाखवला जाऊ शकतो, या विचाराने मला आजही अस्वस्थ वाटते.

पुढच्या पावसाळ्यात मी प्रत्येक ओहोळावर चार वेळा गेले. बागायतींतील 4 ओहोळांत बेडूक ऐकू आले, तेही बहुतेक चवथीच्या आसपास. उरलेल्या 2 ओहोळांपुढे मी ‘चार भेटींत नोंद झाली नाही’ असे लिहिले आणि प्रत्येक भेटीतील पाण्याचा आवाजही नोंदवला. काकांच्या ओहोळातील ध्वनिमुद्रण मी त्यांना ऐकवले, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि डोंगरापलीकडच्या आणखी एका ओहोळाचे नाव सांगितले. ते माझ्या यादीत नव्हते. या वेळी मी ते वहीत लिहून घेतले.