तळघरातील बाथरूम : आधी सोडलेले पाइप वाचावेत, कमोड नंतर आणावा

कोल्हापुरात उताराच्या प्लॉटवर घर बांधले की खाली अर्धे तळघर निघते, आणि पुढेमागे तिथे बाथरूम करता येईल म्हणून बांधकामाच्या वेळीच पाइपांची तोंडे टोप्या लावून सोडलेली असतात. काही वर्षांनी काम काढायचे ठरले, की घरमालक आधी दुकानात जाऊन कमोड पसंत करतात आणि मग प्लंबरला बोलावतात. हा क्रम उलटा आहे. कोणता कमोड बसेल, हे त्या पाइपांनी आधीच ठरवून ठेवलेले असते.

प्रथम कोणता पाइप कशाचा आहे, ते ओळखावे. जमिनीतून वर आलेला चार इंची, म्हणजे 110 मि.मी.चा पाइप कमोडचा असतो आणि 75 मि.मी.चा नहाणी ट्रॅपचा, म्हणजे फरशीवरचे पाणी जिथे उतरते त्या जाळीखालच्या भांड्याचा. भिंतीत कमरेखाली निघालेला बारीक पाइप बेसिनच्या सांडपाण्याचा असतो. प्लास्टिकच्या पाइपांपैकी पिवळसर सीपीव्हीसी गरम पाण्यासाठी असतो, थंड पाण्याला पांढरा यूपीव्हीसीही वापरलेला आढळतो. भिंतीच्या कोपऱ्यातून सरळ वर गेलेला आणि कशालाच न जोडलेला पाइप दिसला, तर तो हवेचा असू शकतो. तो निरुपयोगी समजून बुजवू नये, कारण हवा न मिळाल्यास ट्रॅपमधले, म्हणजे वास अडवण्यासाठी वळणात साठून राहणारे पाणी ओढले जाते आणि गटाराचा वास घरात शिरतो. नुसत्या अंदाजावर न थांबता सांडपाण्याच्या प्रत्येक पाइपात हळद कालवलेले बादलीभर पाणी ओतावे आणि एका माणसाने बाहेर सांडपाण्याच्या चेंबरपाशी उभे राहून ते कुठे उतरते ते पाहावे.

आता खरे अवघड काम येते, ते कमोडच्या मापाचे. जमिनीत तोंड असलेल्या एस-ट्रॅप कमोडसाठी भिंतीपासून पाइपाच्या मध्यापर्यंतचे अंतर पाहतात आणि बाजारात साधारणपणे 9 इंची व 12 इंची भांडी मिळतात. हे अंतर टाइल लावलेल्या भिंतीपासूनचे असते, विटांच्या भिंतीपासूनचे नव्हे, आणि जवळजवळ सगळी गडबड इथेच होते. एका कामात मी उघड्या विटांपासून टेप धरला, नेमके 12 इंच भरले, म्हणून 12 इंची भांडे आणले. पुढे गिलावा पाच सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), टाइलखालचा माल पाच सूत आणि टाइल तीन सूत, असे तेरा सूत भिंतीवर चढले. अंतर उरले 10 इंच 3 सूत, आणि टाकी भिंतीला अडून भांडे पाइपावर येईना. नवी टाइल फोडून पाइप पुढे सरकवावा लागला, त्यात वॉटरप्रूफिंगही फाटले आणि ते पुन्हा करावे लागले.

तेव्हापासून मी टाकी येणार त्या उंचीवर टाइलचे दोन तुकडे मालात बसवून ओळंब्यात आणतो आणि त्यांच्या दर्शनी बाजूपासून मोजतो. पाइपाचा मध्य नजरेने धरू नये. मागच्या कडेपर्यंत एक आणि पुढच्या कडेपर्यंत एक, अशी दोन मापे घेऊन बेरजेचे निम्मे करावे. माप 10 इंचांच्या आसपास आले, तर 9 इंची भांडे घ्यावे. मागे इंचभर फट राहते, पण त्याने काही बिघडत नाही. बारा इंचीच हवे म्हणून वाकडा जोड टाकून पाइप सरकवण्याचा सल्ला मिळतो, तो मी मानत नाही, कारण मैला पहिल्यांदा अडतो तो त्याच वळणावर. पाइप भिंतीतून निघालेला असेल, तर भांडे पी-ट्रॅपचे लागते आणि तयार फरशीपासून पाइपाच्या मध्याची उंची साधारण 7 इंच असावी लागते. तळघरात वॉटरप्रूफिंग, कोबा (टाइलखालचा काँक्रीटचा थर) आणि टाइल मिळून जमीन तीन-चार इंच उचलली जाते, म्हणून जमिनीतल्या पाइपाचे तोंड फरशीची पातळी निश्चित होईपर्यंत कापू नये.

तळघराचा दुसरा प्रश्न पातळीचा. गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी घेऊन कमोडच्या पाइपाचा तळ आणि बाहेरच्या चेंबरमधल्या पाइपाचा तळ यांतला फरक काढावा. चार इंची पाइपाला 40 फुटांत एक फूट ढाळ मिळाला पाहिजे. चेंबर वर आणि तळघर खाली असेल, तर मैला उपसणाऱ्या पंपाशिवाय पर्याय नाही.

ढाळ पुरेसा असला तरी मुख्य लाइन तुंबली की पाणी सर्वांत खालच्या तोंडातून वर येते, आणि ते तोंड म्हणजे तुमच्या तळघरातली नहाणी. पंचगंगेच्या पुराने 2019 आणि 2021 मध्ये काय केले, ते व्हीनस कॉर्नर आणि कुंभार गल्लीच्या लोकांना सांगायला नको, पण सखल भागात नदी दारात येण्याआधीही गटाराचे पाणी असे घरात येऊ शकते. त्यासाठी उलटे येणारे पाणी झडपेने अडवणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा, तोही फक्त तळघराच्या फांदीवर. साऱ्या घराच्या लाइनवर बसवला, तर झडप मिटल्यावर वरच्या मजल्याचे सांडपाणी तळघरात उतरते. हा व्हॉल्व्ह फरशीखाली गाडू नये, त्यावर उघडणारे झाकण ठेवावे.

पुढचे काम सरळ आहे. चेंबरकडचे तोंड बंद करून सांडपाण्याचे पाइप पाण्याने भरावेत, पातळीवर खूण करून रात्रभर ठेवावेत, मगच कोबा टाकावा. वॉल मिक्सरच्या, म्हणजे गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या नळाच्या दोन तोंडांत मध्य ते मध्य 6 इंच ठेवावेत, फरशीचा ढाळ नहाणीकडे द्यावा आणि टाइल व भांडी बसवून घ्यावीत.

व्हॉल्व्हची झडप मात्र दरवर्षी मे महिन्यात, पावसाआधी, झाकण उघडून धुवावी. तिच्या कडेला केस आणि साबणाचा थर साचलेला असतो, आणि तो तसाच राहिला तर झडप पूर्ण मिटत नाही.