डिग्रीच्या पार्टीत घरचे फोटो लावायचेत? कपड्यांचा स्टँड काढा

मुलीच्या डिग्रीची पार्टी सोसायटीच्या हॉलमध्ये होती, लहानपणापासूनचे फोटो लावायचे होते पण भिंतीला खिळा नाही की सेलोटेप नाही, रंग निघतो म्हणून सेक्रेटरी आधीच बजावून गेलेले. मग घरातला कपडे वाळत घालायचा फोल्डिंगचा स्टँडच नेला.

१. स्टँडवर आईची जुनी काठपदराची साडी टाकायची, म्हणजे दांड्या झाकल्या जातात आणि स्टँड आहे हे कळतसुद्धा नाही.

२. पुढून नायलॉनची दोरी आडवी ताणून बांधायची. सैल राहिली तर मधे झोळ पडतो.

३. ४ बाय ६ च्या प्रिंट आडव्या लावल्या तर एका फोटोला मोकळी जागा धरून साधारण ८ इंच लागतात, म्हणजे १० फूट दोरीवर १५ फोटो. त्यापेक्षा जास्त घेऊच नका, बारशापासून कॉलेजपर्यंत तेवढे पुरतात (आमच्याकडे ६० निवडले होते, त्यावरून भांडण झालं ते वेगळंच).

४. प्रत्येक फोटोला दोन्ही कोपऱ्यांना चिमटा. एकच लावला तर पंखा सुरू केला की फोटो गरगर फिरतो, आणि नेमकं आजोबांचं तोंड भिंतीकडे.

एक मात्र सांभाळा, अल्बममधले ओरिजिनल फोटो लावू नका. खिडकीपाशी उजेडात, फ्लॅश बंद करून मोबाईलवर काढा आणि त्याच्या प्रिंट मारा. चिकट पानावरून फोटो निघत नसेल तर ओढायचा नाही, अल्बममध्ये आहे तसाच त्याचा मोबाईलवर फोटो घ्यायचा.