दुसऱ्या भाषेतील वाचन समजले की नाही, हे कसे तपासावे?

दुसरी भाषा शिकणाऱ्याला उतारा कितपत समजला हे पाहायचे असेल, तर त्याला उत्तरे स्वतःच्या मातृभाषेत देण्याची मुभा द्यावी. अन्यथा अर्थ नीट कळूनही वाक्यरचना न जमल्यामुळे त्याचे गुण जातात आणि आपण वाचनाऐवजी लेखनच तपासत बसतो. उतारा मोठ्याने अस्खलित वाचला, यावरूनही आकलनाचा अंदाज बांधू नये.

खरी मेख प्रश्नांत असते. ‘वादळामुळे जहाज बंदरातच थांबले’ या वाक्यावर ‘जहाज कोठे थांबले?’ असे विचारल्यास, प्रश्नातले शब्द उताऱ्यात शोधून त्यांच्या शेजारचा शब्द उचलला तरी उत्तर बरोबर येते, मग अर्थ कळो वा न कळो. त्याऐवजी ‘प्रवासी त्या दिवशी ठरलेल्या ठिकाणी पोहोचले असतील का? कशावरून?’ असे विचारावे, म्हणजे दोन गोष्टींचा संबंध जोडल्याशिवाय सुटका नाही. तयार झालेले प्रश्न उतारा न दाखवता एखाद्या सहकाऱ्याला सोडवायला द्यावेत आणि निव्वळ सामान्यज्ञानावर सुटणारे प्रश्न, कितीही आवडते असले तरी, वगळावेत.

ठरावीक अंतराने, उदाहरणार्थ दर पाचवा किंवा सातवा शब्द गाळून तो भरून घेण्याची क्लोझ चाचणी झटपट तयार होते. मात्र विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये ती मांडली ती मजकुराची वाचनसुलभता मोजण्यासाठी. शिवाय पुष्कळ रिकाम्या जागा शेजारच्या दोन-तीन शब्दांवरून भरता येत असल्याने संपूर्ण उताऱ्याच्या आकलनासाठी एकट्या तिच्यावर विसंबू नये; वापरलीच, तर मूळ शब्दाऐवजी लिहिलेला अर्थाला साजेसा शब्दही ग्राह्य धरावा.