धानावरचा तुडतुडा नेमका कोणता? रंग नव्हे, पाय बघा

धानाच्या चुडात बारीक काहीतरी उडालं की त्याला ‘तुडतुडा’ म्हणून मोकळं व्हायचं, धूसर फोटो ग्रुपवर टाकायचा आणि कोणी ‘तपकिरी आहे’ म्हटलं की पंप पाठीवर चढवायचा. ही पद्धत आधी सोडा. हिरवा तुडतुडा पानांवर राहतो आणि टुंग्रो हा धानाचा विषाणूजन्य रोग पसरवतो. तपकिरी बुंध्याशी बसून रस ओढतो. चुकीच्या ओळखीवर सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक मारलं, तर कोळी आणि मित्रकिडी आधी मरतात, आणि तपकिरी तुडतुडा दुप्पट जोमाने परततो.

पकडणं सोपं. चूड वाकवून पाण्याच्या जरा वर, बुंध्यावर टपली मारा आणि खाली पांढरी थाळी धरा. पडलेले किडे सर्जिकल स्पिरिटच्या बाटलीत टाका. काही जिवंतही ठेवा, कारण स्पिरिटमध्ये रंग उतरतो.

आता थाळीतले परके वेगळे काढा. लांबलचक मिशांचा, पाठीवर पंख सपाट ठेवणारा हिरवट किडा म्हणजे मिरीड ढेकूण. तो तुडतुड्यांची अंडी खातो, त्याला मारू नका. तपकिरी आणि पांढऱ्या पाठीच्या तुडतुड्याच्या मिशा आखूड असतात आणि डोळ्यांच्या खालून, डोक्याच्या बाजूने निघतात. हिरव्या तुडतुड्याच्या मिशा डोळ्यांच्या मधून निघतात.

यानंतरचं काम खरं अवघड. मलाही इथे बराच काळ अडायला व्हायचं, आणि त्याचं कारण भिंग नव्हतं, किडा ठेवायची पद्धत होती. वाळलेल्या किड्याचा मागचा पाय पोटाखाली दुमडलेला असतो. कितीही वाकून बघितलं तरी हवं ते दिसत नाही. म्हणून किडा बाटलीच्या झाकणात थोड्या स्पिरिटमध्ये कुशीवर ठेवा. बारीक टाचणीने मागचा पाय मागे ओढून सरळ करा आणि उजेड वरून न घेता बाजूने द्या, म्हणजे चकाकी मारत नाही. भिंग 20 पटीचं घ्या. 10 पटीत भागतं असं सांगणाऱ्यांनी खाली सांगितलेला काटा कधी पाहिलेलाच नसतो.

नडगीच्या टोकाला, पाऊल जिथे जोडलेलं असतं तिथे, कोंबड्याच्या पायामागे असतो तसा एक मोठा चपटा काटा दिसला पाहिजे. टाचणीने ढकलला तर तो हलतो. हा काटा असला की किडा डेल्फॅसिडी कुळातला, म्हणजे तपकिरी किंवा पांढऱ्या पाठीचा तुडतुडा असलेल्या गटातला. हिरव्या तुडतुड्याला तो नसतो, त्याच्या नडगीवर काट्यांच्या रांगा असतात. सावध राहा: नडगीच्या टोकाला बारीक दातांचा झुबकाही असतो. घाईत त्यालाच काटा समजणारे पुष्कळ. हलतो का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

त्याच पायावर आणखी एक खूण आहे आणि ती बहुतेक पत्रकांत नसते. पावलाच्या पहिल्या पेराच्या कडेला एक किंवा जास्त बारीक काटे दिसले तर वंश निलापर्वता, म्हणजे तपकिरी. पेर कडेने गुळगुळीत असेल तर सोगाटेला, म्हणजे पांढऱ्या पाठीचा असण्याची शक्यता जास्त. रंगावर जाऊ नका. तपकिरीतही फिके आणि गडद दोन्ही निघतात, आणि पांढऱ्या पाठीच्या माद्या चक्क तपकिरी दिसतात.

पाठ बघायची तर ती जिवंत किड्याचीच. पांढऱ्या पाठीच्या तुडतुड्याला पंखांच्या मुळाशी, छातीवर मधोमध फिकट पट्टा असतो. पुढच्या पंखाच्या मागच्या कडेवरचा काळा ठिपका दोघांतही सापडतो, त्यामुळे त्यावर निकाल देऊ नका. पिल्लांत पांढऱ्या पाठीची राखाडी-पांढरी चितकबरी असतात आणि तपकिरीची तपकिरीच.

आखूड पंखांचे दिसले तर वेगळी जात समजू नका. एकाच जातीत लांब पंखांचे आणि आखूड पंखांचे असे दोन प्रकार असतात. आखूड पंखांच्या माद्या उडत नाहीत आणि त्याच बांधीत अंडी घालत राहतात, म्हणून त्या दिसल्या की मोजणी वाढवा.

बांधावरच्या गवतावरचे नमुने धानाच्या नमुन्यांत मिसळू नका. लिअर्सिया गवतावर निलापर्वताच्या दुसऱ्या जातीही राहतात आणि पायावरून त्या वेगळ्या कळत नाहीत. तिथे नराच्या जननांगाचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. म्हणून बाटलीत नर जरूर ठेवा, आणि चिठ्ठीवर तारीख, गाव, पीक व वाण पेन्सिलीने लिहून ती आतच टाका. पेनाची शाई स्पिरिटमध्ये विरघळते.